जळालेल्या पंपाची गोष्ट

मुलाखत अकराला होती आणि पावणेअकरापासून घरात बोलायला बंदी होती. आईने कुकरची शिट्टीसुद्धा काढून ठेवली होती. जागा एकच, नव्या पदार्थांच्या पातळ थरांवर पीएच.डी., पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसकट. अर्ज दोनशे. त्यातून थोरली शेवटच्या सहांत पोचली होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय अटीबाहेर जाणार होतं.

बाबांना दाराबाहेर बसवलं होतं. तीस वर्षं एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम पंप सांभाळून ते रिटायर झाले होते. घरी पंप नसल्यामुळे हल्ली ते फ्रिजला कान लावून बसत.

पडद्यावर तीन परीक्षक उगवले. मधल्या सरांनी विचारलं, "चेंबरमध्ये व्हॅक्यूम टिकत नाहीये. गळती कशी शोधाल?"

थोरलीने समीकरणापासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच दाराबाहेरून आवाज आला, "अगं, स्पिरिटचा बोळा फिरव जोडांवरून. गेजचा काटा उडेल तिथे गळती."

"कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही सर. बाबा आहेत."

सर पडद्याच्या जवळ सरकले. "हा आवाज... मास्तर?"

दार उघडलं. बाबा आले ते खुर्ची घेऊनच. त्यांचं पहिलं वाक्य "नमस्कार सर" होतं, दुसरं "तुम्ही आमच्याकडे होता ना" आणि तिसरं "अरे धांदरट, तू?"

मग सव्वीस वर्षांपूर्वीची प्रयोगशाळा उघडली. बीकरमधला चहा, हीटरवर वाळत घातलेले मोजे, दाराला पाठ टेकवल्याशिवाय बंद न होणारं ते कपाट. सर आठवत होते, बाबा दुरुस्त करत होते.

"त्या पंपाची घरघर अजून कानात आहे, मास्तर. तशी झोप पुन्हा कुठे लागली नाही."

"तोच पंप तू तेल न घालता चालवून जाळलास," बाबा मायेने म्हणाले. "गाइड तुला हाकलणारच होते. मी सांगितलं, वीज वाढली होती."

सरांनी टायची गाठ सैल केली. उरलेले दोन परीक्षक मात्र कमालीचे सुखी दिसत होते.

"रेकॉर्डिंग चालू आहे का?" सरांनी हळूच विचारलं.

"हो सर. थेट संचालकांकडे जातं," शेजारचे परीक्षक म्हणाले.

वेळ संपली. अर्धवट समीकरण सोडलं तर थोरली एकूण दोन वाक्यं बोलली होती, तीही बाबांबद्दल. ती उशीत तोंड खुपसून पडली.

"मी काय वाईट बोललो?" बाबांनी आईला विचारलं. "सव्वीस वर्षं ते गुपित सांभाळलंच की मी."

"मग अजून पाच वर्षं सांभाळायचं होतं," आई म्हणाली.

संध्याकाळी मेल आला. उमेदवाराची मुलाखत घ्यायची राहून गेल्यामुळे ती उद्या पुन्हा होईल, असं त्यात होतं. सकाळी दहालाच आईने बाबांना केस कापायला धाडलं. त्यांना केस नव्हते, पण तो वाद घालायची ती वेळ नव्हती.

आज सर हसले नाहीत. "एकच प्रश्न आहे. तुमच्या हातून पंप जळाला, तर काय कराल?"

थोरलीला कालपासून पाठ केलेलं एकही समीकरण आठवेना.

"खरं सांगेन, सर," ती म्हणाली. "वीज वाढली म्हणणारे आता रिटायर झालेत."

 सर चष्मा पुसत शेजारच्यांना म्हणाले, "लिहा, निवड."

"पण सर, विषयातलं अजून काहीच विचारलं नाही आपण."

"विषयातलंच विचारलं," सर म्हणाले.