येते

अमूल्या हेगडेला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं. ते तूर्त बाजूला ठेवू आणि असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

शिरसीजवळच्या त्यांच्या गावात नेटवर्क फक्त टेकडीवर, एका फणसाखाली यायचं. टाळेबंदीत कॉलेज बंद पडल्यापासून अमूल्या तिथे ताडपत्री बांधून रोज सहा तास फोनवर सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. सातव्या महिन्यात ती जेवताना आईला "आवाज तुटतोय" म्हणाली. आई रागावली, तेव्हा आईचा आवाज बंद करायचं बटण ती ताटाच्या कडेला शोधत होती. मग तिनं ठरवलं, आठ दिवस सुट्टी. नाहीतर आपण संपलो.

त्या दिवशी तास संपताना ती नायक सरांना सगळं नीट बोलली. झेपत नाही, अक्षरं हलतात, आठ दिवस नसेन. शेवटी "येते सर" म्हणाली. निघताना 'जाते' म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. नेटवर्कनं बाकी सगळं गिळलं आणि तेवढं एक "येते" सरांकडे पोचवलं. सरांनी आठवडाभराची हजेरी पक्की धरली.

दुसऱ्या दिवशी अमूल्या झोपली. घरातला एकुलता फोन घेऊन तिचे वडील, अप्पा, टेकडीवर गेले. सुपारीच्या व्यापाऱ्याचा फोन यायचा होता. वर पोचताच पडद्यावर काहीतरी चमकलं. अप्पांनी ते दाबलं.

नायक सरांनी विचारलं, "हेगडे, नवा घातलेला स्लॅब वापरायला कधी काढायचा?"

अप्पांना फक्त "कधी काढायचा" ऐकू आलं. त्यांना वाटलं, व्यापारी अंगणातल्या सुपारीच्या वाळवणाचं विचारतोय. ते म्हणाले, "अजून ओलं आहे. आठ दिवस कुणी पाय ठेवायचा नाही. घाई केलीत तर तडे जातील, मग माझ्या नावानं बोंबलू नका."

वर्गात असं उत्तर पूर्वी कुणी दिलं नव्हतं. आवाज घोगरा होता, पण त्या वर्षी घोगऱ्या आवाजाचा अर्थ एकच असायचा. आजारपणातही पोरगी वर्गात बसते, म्हणून सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

अप्पांना व्यापारी बरा वाटला. प्रश्न नेमके विचारतो, भाव पाडत नाही. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की हे कॉलेज आहे. पाचव्या दिवशी ते वही घेऊन गेले.

आठ दिवसांनी अमूल्या टवटवीत होऊन टेकडीवर गेली, तर सरांनी तिला मागे पडलेल्या बारा मुलांची सकाळी सातची शिकवणी नेमून दिली. तिनं खरं सांगितलं.

सर म्हणाले, "हेगडे, नम्रपणा पुरे. गैरहजर होतीस तर पालकांच्या सहीचं पत्र आण."

तिनं अप्पांपुढे कागद धरला. अप्पा वहीत तुळईची आकृती काढत होते.

"मी रोज हजर होतो," ते म्हणाले. "खोट्यावर सही कशी करू, पोरी?"

त्याच संध्याकाळी अमूल्यानं प्राचार्यांना अर्ज पाठवला. 'विषय : प्रवेशात दुरुस्ती. महोदय, पुढील सत्रापासून माझ्या जागी श्री. श्रीपाद हेगडे, वय ५२, यांना विद्यार्थी म्हणून दाखल करून घ्यावे व त्यांच्या पालक म्हणून माझी नोंद करावी, ही नम्र विनंती. त्यांच्या गैरहजेरीच्या पत्रांवर मी विनाविलंब सही करीन.'