मंगळवारचा पेशंट

बिरादारकाका दर मंगळवारी सकाळी दहा वाजता आजारी पडत. अकराच्या सुमारास प्रचंड चिडत. आणि बारा वाजता ठणठणीत बरे होऊन, कँटीनचा कपभर चहा पिऊन, "चहा हाय का जनावराला पाजायचा काढा?" असं विचारून घरी जात.

कोणता आजार, ते स्वतःच ठरवून येत. एका मंगळवारी उजवं अंग लुळं, पुढच्या मंगळवारी मांडीचं हाड मोडलेलं. एकदा तर बाळंतीण व्हायलाही तयार झाले. नर्सिंगच्या मुली हसून हसून कॉटला धरून बसल्या, तेव्हा गरजले, "दात काय काढताय? ह्या हातानं किती गाई मोकळ्या केल्यात, गणती न्हाई. तुमी किती केल्या?"

मी लातूरच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवते. काका आमच्याकडे नोकरीला नव्हते, कुणाचे नातेवाईक नव्हते. ते मुलींच्या सरावासाठी येणारे पेशंट होते, आपल्या मर्जीने आणि आपल्या रागासह. उभी हयात त्यांनी देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढलेली. म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि डॉक्टर सुई टोचेपर्यंत बैलाला धरून ठेवणं. रिटायर झाल्यावर लातुरात खोली करून राहिले होते. उंच, काटक, आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. ते एका वळूने दिलेलं सर्टिफिकेट आहे, असं सांगत.

आमची ओळखच भांडणातून झाली. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते आमच्या हॉस्पिटलात दाखल होते. एका सकाळी वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावले, तर काका कॉटवर उठून बसलेले, हातात त्यांचाच चार्ट, आणि पायाशी दुसऱ्या वर्षाची पल्लवी, मान खाली घालून.

"तुमी हिच्या मास्तरीणबाई का?" काका म्हणाले. "हिनं माझ्या हाताला हात लावला न्हाई अन् नाडी लिहिली बहात्तर! मी मेलो असतो तरी बहात्तरच लिहिली असती!"

मला राग आला. आधी त्यांचाच. पेशंटने असं सगळ्या वॉर्डासमोर बोलायचं? मग मी पल्लवीची फाइल उघडली. त्यात सगळ्यांची नाडी बहात्तर, सगळ्यांचे श्वास अठरा. म्हातारे, पोरं, दम्याचे, ऑपरेशनचे, सगळे एका तालात श्वास घेणारे. आणि प्रत्येक पानाखाली सही माझी.

मुलींना तरी काय म्हणू? एकेका कॉटभोवती दहा-दहा जणी उभ्या. हात लावायला मिळे तो पुढच्या दोघींना, बाकीच्या टाचा उंचावून बघत. कॉलेजने सरावासाठी एक परदेशी डमी आणली होती. माणसाएवढी, रबराच्या कातडीची, तिला शीर होती, फुप्फुसं होती. ती आली त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले आणि प्राचार्यांनी तिला प्लॅस्टिकसकट काचेच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं. "हात लागला की खराब होते. इन्स्पेक्शनला दाखवायचीय." त्यामुळे पेशंटला कॉटवरच अंघोळ कशी घालावी, हे आमच्या मुली फळ्यावर शिकत. मी फळ्यावर माणूस काढायची आणि खडूने त्याला साबण लावायची. अशी वर्षं काढली मी. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

टाके निघाले त्या दिवशी काका म्हणाले, "पोरींना माझ्याकडं धाडा. मला काय काम हाय? मी निजतो, त्यांनी शिकावं."

पुढच्या मंगळवारपासून ते यायला लागले. काचेतली डमी बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिला ताप बी येत न्हाई अन् राग बी येत न्हाई. हिच्यापाशी काय शिकणार, कप्पाळ?"

राग त्यांच्याकडे मुबलक होता. मुलगी त्यांच्याऐवजी फॉर्मकडे बघून प्रश्न विचारायला लागली की, "ताप कागदाला आलाय का मला?" गार हात लावला की हात झिडकारत. "आधी चोळ हात. गार हात लागला की गाय पान्हा चोरती. माणूस दुखणं चोरतंय." शीर शोधायला मुलींचे डोळे झाकायला लावत. "शीर डोळ्याला न्हाई, बोटाला दिसती. हुडक." सुई टोचू देत नसत, पण शीर सापडल्याशिवाय हातही सोडू देत नसत. लुळं अंग झाल्यावर तर आपलं सगळं वजन मुलींच्या अंगावर टाकत आणि कूस नीट बदलली नाही की लुळ्या बाजूच्याच हाताने टेबल बडवत. एकदा एका मुलीला तासभर कॉटवर निजवून ठेवलं. हलायचं नाही, नाकाला खाज आली तरी नाही. तासाने तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा म्हणाले, "आता कळलं लकवा म्हंजे काय? ऊठ. पुस्तकात वाचून कळलं नसतं."

सगळ्यांत जास्त ओरडा पल्लवीला बसायचा. इस्लापूरकडची, शेतकऱ्याघरची पोर. बोलली तर स्वतःलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात. पट्टी बांधताना एकदा तिला रडू फुटलं आणि ती बाजूला सरकली. काकांनी तिचं मनगट धरलं.

"रड. पर हात सोडू नको. रडत रडत बी पट्टी बांधता येती."

तिने बांधली. काकांनी पाय झटकून पाहिला. पट्टी सुटली नाही. ते काही बोलले नाहीत, आणि काकांचं न बोलणं ही आमच्याकडची सगळ्यांत मोठी शाबासकी होती.

वर्षभरात माझ्या फायलींमधले श्वास वेगवेगळे झाले. कुणाचे सोळा, कुणाचे बावीस. मला त्या आकड्यांचा केवढा आनंद व्हायचा, सांगून खोटं वाटेल.

मग तपासणी समिती यायची ठरली, नेमकी मंगळवारी. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "तो म्हातारा त्या दिवशी नको." काकांना हे सांगायला मी दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा वाजायच्या आत कट केला. काय सांगणार होते? म्हणून सांगितलंच नाही.

काका दहाला हजर. समितीचे तिघं काचेच्या खोलीत उभे, प्राचार्य डमीवरून हात फिरवत तिचे गुण सांगत होते. प्लॅस्टिक त्या दिवशी काढलं होतं. काकांनी दाराशी चपला काढल्या, शेजारच्या कॉटवर आडवे झाले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "डावं अंग गेलंय. पल्लवी, चादर बदल."

पल्लवी पुढे झाली. प्राचार्यांनी हात आडवा घातला. समितीतल्या एकाने विचारलं, "हे कोण?"

"वेडसर आहेत, सर," प्राचार्य म्हणाले. "वॉर्डातून येऊन बसतात."

काका उठून बसले. मला वाटलं, आता छप्पर उडणार. मनातून मला ते उडायलाच हवं होतं. पण ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. एक शब्द, मास्तरीणबाई. एक शब्द बोला. असं ते म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं.

मी माझ्या रजिस्टरकडे बघितलं.

शिपायाने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. ज्या माणसाने बैल धरले, त्याला एका हाडकुळ्या शिपायाने धरलं आणि तो गेला. अनवाणीच. त्यांच्या चपला उचलून पल्लवी गेटपर्यंत पळत गेली. प्राचार्य तिच्यावर ओरडत होते, समिती बघत होती, तरी गेली. आमच्या अख्ख्या कॉलेजात त्या दिवशी तेवढी एकच नर्स होती.

समितीचा शेरा पुढे फ्रेम करून लावला गेला: ‘शैक्षणिक साहित्य उत्तम स्थितीत जतन केले आहे.’ मला मेमो मिळाला, बाहेरच्या इसमास परवानगीविना वर्गात घेतल्याबद्दल. काकांना फोन करायचं धाडस मला पुढे कधी झालं नाही.

दोनेक वर्षांनी आमच्या मुलींच्या ग्रामीण पोस्टिंगवर देखरेख करायला मी धर्माबादच्या सरकारी दवाखान्यात गेले. ओपीडीसमोर बाया-माणसांची मोठी रांग. तिच्यात एक उंच म्हातारा, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. हाताची दोन बोटं वाकडी.

"काका? लातूर सोडून इथं?"

"हळू बोला की. पोट दुखाया लागलंय." मग बाजूला घेऊन खिशातून घडी केलेल्या कागदांचा गठ्ठा काढला. अहमदपूर, मुखेड, देगलूर, किनवट. प्रत्येक गावच्या दवाखान्याचा केस पेपर, आणि प्रत्येकावर निराळा आजार. प्रत्येक ठिकाणी आमच्या कॉलेजातून गेलेली एखादी मुलगी होती.

"पोरी कशा काम करतात, कोण बघणार? तुमची समिती?"

"आणि चुकल्या तर?"

"तिथंच ओरडतो. दोन जागी बाहेर काढलं मला."

मला हसू आलं आणि लगेच शरमही वाटली. म्हटलं, "काका, त्या दिवशी मी..."

"तुमी गप बसलात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बैल बी गप बसतोय. पर बैल कुणाला शिकवाया जात न्हाई."

मी त्यांच्या मागे रांगेत उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांचा नंबर आला. केस पेपर लिहायच्या टेबलामागे पल्लवी होती, पांढऱ्या कोटात, आता इथली नर्स. रुमालाआडचा माणूस तिने क्षणात ओळखला हे मला दिसलं, पण ती नेहमीच्याच स्वरात म्हणाली, "बसा. काय होतंय?"

"पोट दुखतंय."

"काल रात्री काय जेवलात?"

"भाकर."

"कुणी केली?"

"कोण करणार? मीच."

ती बघत राहिली. काका टेबलाच्या कडेकडे बघायला लागले.

"खरं सांगा. केली होती का?"

माझ्यामागची बाई पुढे सरकायला लागली, तिला पल्लवीने हाताने थांबवलं.

"न्हाई," काका म्हणाले. "एकट्यासाठी पीठ मळाया हात उचलत न्हाई. मंडळी गेल्यापासून असंच हाय. एखादं केळ खातो. झोपतो."

इतक्या मंगळवारी इतके आजार सांगितले होते त्यांनी आम्हाला. हा कधी सांगितला नव्हता. आणि आम्हीही विचारला नव्हता.

पल्लवीने केस पेपर ओढला. "दोन वाजता माझी ड्यूटी संपते. आई आलीय गावाहून, ज्वारीच्या भाकरी करून बसली असेल. घरी चला."

"मी काय जेवाया आलोय?" काकांचा आवाज एकदम चढला. सगळी ओपीडी वळून बघायला लागली. "मी पेशंट हाय!"

"म्हणूनच लिहून देते," ती म्हणाली आणि तिने खरंच लिहिलं. काकांनी कागद लांब धरून वाचला. ‘जेवण. दुपारी दोन. माणसांत बसून.’ खाली सही.

काका कागद घेऊन उठले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "माझ्यासोबत चहा घ्या, दोनला अजून वेळ आहे."

"तुमी जावा, मास्तरीणबाई. मला थांबायचं हाय."

त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला, नळावर जाऊन चेहरा धुतला, ओल्या हाताने केस बसवले आणि ओपीडीच्या दारासमोरच्या बाकावर ताठ बसले. अजून सव्वाअकराच वाजले होते.