गगनचा सायलेन्सर

बंदूक या विषयात आपल्याला काही शिकवील असा माणूस मैसुरात उरलेला नाही, असं खंडोजीराव छातीठोकपणे सांगत. त्यांचे खापरपणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. त्या घोडदळापैकी मैसुरातल्याच विजयनगर वस्तीतल्या घरात आता उरलं होतं ते भिंतीवरचं एक चित्र आणि वडिलांकडून रीतसर परवान्यानिशी आलेली एकनळी बंदूक. खंडोजीरावांनी स्वतः आयुष्यात तिच्यातून चार काडतुसं उडवली होती, त्यातली दोन चुकून. नोकरीची चौतीस वर्षं बेळगोळच्या कारखान्यात बेअरिंग तपासण्यात गेली. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिला तेल देऊन, मऊ फडक्याने अशी पुसत, की वनजाबाई म्हणत, एवढ्या मायेने यांनी घरातला चमचासुद्धा कधी पुसला नाही.

मुलगा गगन सहा वर्षांपासून फिनलंडमध्ये होता. दर रविवारी त्याचा फोन येई. जेवलास का, हो. थंडी आहे का, आहे. एवढं झालं की बापलेकांचं बोलणं संपे आणि फोन वनजाबाईंकडे जाई. मग स्वयंपाकघरात तासभर हसणं-खिदळणं चाले. खंडोजीराव हॉलमध्ये पेपर उघडून बसत आणि एकही पान न उलटता सगळं ऐकत. आपल्यालाही असं काही बोलता यावं, असं त्यांना फार वाटे. पण काय बोलावं, हेच सुचत नसे.

जूनमधल्या एका रविवारी गगननेच आईला सांगितलं, अप्पांना पुन्हा फोन दे. तो तिकडच्या गावातल्या शिकार क्लबात जाऊ लागला होता. तिथे बंदुकीला सायलेन्सर लावायची सर्रास पद्धत, म्हणजे माणसाचे आणि कुत्र्याचे कान शाबूत राहतात. दुकानात दोन प्रकार होते, एक स्टीलचा, एक अॅल्युमिनियमचा. कुठला घ्यावा आणि वापरल्यावर साफ कसा करावा?

"तुम्हाला गोत्तु असणारच, अप्पा, म्हणून विचारतोय," गगन म्हणाला.

खंडोजीरावांनी जन्मात एकच सायलेन्सर पाहिला होता, तो त्यांच्या स्कूटरचा. पण सहा वर्षांत पोराने पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. ते म्हणाले, "सोपं आहे. पुढच्या रविवारी नीट समजावून सांगतो."

सोमवारी सकाळी ते मंडी मोहल्ल्यात गेले. नरसिंहमूर्तींच्या बंदुकीच्या दुकानातून ते वर्षानुवर्षं तेल घेत. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. आपल्याला माहीत नाही हे चारचौघांत कळायला नको, म्हणून खंडोजीराव काउंटरवर वाकले आणि मूर्तींच्या कानाशी लागून हळूच विचारलं, सायलेन्सरमध्ये कुठला चांगला, स्टीलचा की अॅल्युमिनियमचा?

मूर्तींचा चेहरा पांढराफटक पडला. इथे खाजगी माणसाने ती वस्तू बाळगणं म्हणजे थेट गुन्हा. खंडोजीरावांनी घाईघाईने खुलासा केला की मला नको, नुसती माहिती हवीय. आणि निघताना, घरी आपली फजिती नको म्हणून, आणखी एक वाक्य बोलून गेले.

"माझ्या बायकोला मात्र यातलं काही कळू देऊ नका."

मूर्ती सज्जन माणूस. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले.

त्याच दुपारी सब-इन्स्पेक्टर प्रणेश आणि श्रीविद्या नावाच्या महिला पोलीस खंडोजीरावांच्या दारात हजर झाले. श्रीविद्या वनजाबाईंना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि त्यांचा हात हातात धरून विचारलं, नवऱ्याचा काही त्रास आहे का? पस्तीस वर्षांत हा प्रश्न वनजाबाईंना कोणीही विचारला नव्हता. त्यांनी आधी श्रीविद्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि लग्नाच्या पंक्तीपासून सुरुवात केली. श्रीविद्या भराभर लिहू लागल्या.

बाहेर प्रणेशना टेबलावर एक वही सापडली. खंडोजीरावांनी तीन दिवस मोबाइलवर वाचवाचून टिपणं काढली होती. प्रणेशनी ती मोठ्याने वाचली. "स्टीलचा जड, पण टिकाऊ. काम झाल्यावर काढून, पुसून वाळवणे. रविवारपर्यंत निर्णय. वनजाला सांगायचं नाही."

मुलाला फोन लावा, एवढंच खंडोजीराव कसंबसं म्हणाले. त्यांनी मुलाला आधी काही पढवू नये म्हणून प्रणेशनी नंबर घेतला आणि स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला.

गगन ऑफिसात होता. कन्नडमधून त्याने सगळा प्रकार समजावला, आपला तिकडचा परवाना दाखवला आणि पुरावा म्हणून एक फोटोही पाठवला. गुडघाभर बर्फात तो बंदूक घेऊन उभा होता, नळीच्या टोकाला काळा सायलेन्सर. प्रणेशचं समाधान झालं. त्यांनी फोटो खंडोजीरावांपुढे धरला.

खंडोजीरावांनी तो जवळ ओढून पाहिला.

"जूनमध्ये बर्फ कुठला रे?"

गगन म्हणाला, "डिसेंबरातला आहे, अप्पा. सायलेन्सर तेव्हाच घेतला. कुठला घ्यायचा ते दुकानदाराने सांगितलं."

"मग मला का विचारलंस?"

"सुम्ने, आपलं उगाच विचारलं. तुम्ही फोन घेता आणि लगेच अम्माला देता. बंदुकीचं विचारलं तर बोलाल, असं वाटलं."

प्रणेशनी नजर भिंतीवरच्या चित्राकडे वळवली. खंडोजीरावांनी फोटो पुन्हा निरखला.

"स्टीलचा घेतलास?"

"हो."

"खांदा दुखत असेल."

"दुखतो, अप्पा."

"आणि वाळवतोस का? ओला राहिला तर आतून गंजतो."

गगन म्हणाला, ते काही कोणी सांगितलं नव्हतं. मग खंडोजीरावांनी फोन हातात घेतला, खुर्ची ओढली आणि सांगायला लागले. वाळवण्यावरून तेलावर आले, तेलावरून ज्या फडक्याने पुसायचं त्या फडक्यावर, तिथून गगनच्या कुत्र्यावर. कुत्र्याचं नाव त्यांना पहिल्यांदाच कळलं. स्वयंपाकघरात वनजाबाई आता गगनच्या मुंजीपर्यंत पोचल्या होत्या आणि श्रीविद्यांनी दुसरं पान उलटलं होतं.

अर्ध्या तासाने प्रणेश संकोचाने म्हणाले, "सार, फोन माझा आहे."

खंडोजीरावांनी समजल्यासारखी मान हलवली, फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि आतून ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.