शामराव डॉक्टरांची जोडणी

साताऱ्यातले आमचे शेजारी डॉक्टर शामराव भाजी आणायला हेल्मेट घालून जातात. पायी. गवारीचा भाव विचारतानाही काच वर करत नाहीत. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पण एवढा बंदोबस्त मी सीमेवरही केला नव्हता.

हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत. मेंदूतल्या पेशी एकमेकींना कशा ओळखतात, हे बघण्यात त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत जन्म घालवला.

"सुभेदार, पेशीच्या अंगावर प्रथिनं असत्यात. पेशी धागा सोडती, दुसरीच्या अंगाला लावून बघती. जुळलं तर धरती, न्हाईतर मागं सरती. अशी सगळी जोडणी. धक्क्यानं सुटली म्हंजे?"

हे ऐकल्यापासून मीही उशीवर डोकं जपून टेकतो.

रोज सकाळी ते कुंपणावरून विचारत, "वळखलं का मला?" एकदा मी गमतीनं "आपण कोण?" म्हणालो, तर माणूस पांढराफटक पडला. पाणी पाजल्यावर कळलं, की शिराळ्याला दिलेली त्यांची आक्का माणसं विसरत चालली होती. आईमागं तिनंच त्यांना वाढवलेलं.

डॉक्टर तिकडं जायचं टाळत होते. कधी गुडघा, कधी गाडी. शेवटी भाच्याचा फोन आला.

"मामा, पंचमीला म्हायेरी जायचं म्हणून आई पिशवी भरून बसलीया. जेवत बी न्हाई."

नागपंचमीला बहिणीला न्यायला भावानंच जायचं असतं. मी गाडी काढली. कऱ्हाडच्या पुढं ते म्हणाले, "माघारी फिरवा. तिनं वळखलं न्हाई तर मी कुणाचा? लय भ्या वाटतंय."

भीती मलाही वाटत होती. पण गाडी थांबवली नाही.

आक्का पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडच्या सोप्यात बसल्या होत्या. डॉक्टर समोर उभे राहिले. आक्कांनी वर पाहिलं.

"या पावणं, बसा."

भाचा बोलणार, तोच डॉक्टरांनी त्याचा हात दाबला. "सांगू नगंस," ते हळूच म्हणाले. "आपुन भावाला बी इसरलो, हे कळलं तर भिईल ती."

"माझा शाम्या न्यायला येणार हाय," आक्का म्हणाल्या. "लय भित्रं हाय ते. वाटंत एकटंच घाबरलं असंल."

"न्हाई," डॉक्टर म्हणाले. "मी बघितलं त्याला. निघालाय."

"मग बसा की. भेटूनच जावा."

डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले आणि तेही रस्त्याकडे बघू लागले.