डाऊन-टू-अर्थ स्थळ

सृष्टीच्या बायोडाटात अपेक्षांखाली एकच ओळ होती : ‘मुलगा व घरचे डाऊन-टू-अर्थ असावेत.’ परभणीचे खताचे व्यापारी दत्तराव यांनी मुलाला, योगीराजला, त्याचा अर्थ विचारला.

“साधी माणसं. पैशाचा तोरा न मिरवणारी,” योगीराज म्हणाला. बोरीची ही मुलगी त्याला फोटोतच आवडली होती, आणि आधीची स्थळं वडिलांच्या बढायांपायी फिसकटली होती. “या वेळी तरी सांभाळून बोला, बाबा,” त्याने हात जोडले.

दत्तरावांनी मनावर घेतलं. आणि मनावर घेतलं की ते मापात राहत नसत. नवी गाडी घरी राहिली, बायकोच्या, सुलाबाईंच्या, पाटल्या कपाटात गेल्या, आणि तिघं एसटीने बोरीला उतरून भर उन्हात चालत निघाले.

इकडे सृष्टीचे वडील किशनराव वेगळ्याच घोरात होते. दुसऱ्याकडे साधेपणा मागायचा आणि आपण सोफ्यावर बसायचं, हे शोभणार कसं? सकाळीच त्यांचा सोफा शेजारच्या कडूबाईंच्या ओसरीवर गेला आणि बैठकीत सतरंजी आली.

“आमी आपले खालीच बसतो,” किशनराव म्हणाले.

“आमी तर जेवतो बी खालीच,” म्हणत दत्तरावांनी दुखरे गुडघे कसेबसे दुमडले.

सृष्टीने आणलेले पोहे झाले, चहा झाला. आपण अंघोळीला साबणसुद्धा लावत नाही, असंही दत्तराव सांगून बसले. मग निघायला म्हणून उठू लागले आणि अर्ध्यातच किंचाळले. हात द्यायला गेलेले किशनराव त्यांच्याच शेजारी आडवे झाले.

आरडाओरडा ऐकून कडूबाई दारात आल्या. “म्या म्हणलं न्हवतं का, पाव्हण्याला खाली बसवू नका? आता न्या तुमचा सोफा माघारी!”

सोफा आला. दत्तरावांना त्यावर चढवलं. किशनराव शरमेने मान वर करेनात.

“जाऊ द्या हो,” दत्तराव कण्हत म्हणाले. “आमी बी गाडी घरी ठिवून आलोय. नवी हाय. एसी लय गार करायलाय.”

हेही स्थळ गेलं, असं धरून योगीराज पुढे सरकला. “आता सगळं निघालंच हाय तर सांगतो,” तो सृष्टीला म्हणाला. “हा शर्ट माझा न्हाई. एवढा जुना आमच्या घरात सापडला न्हाई, म्हणून दुकानातल्या बन्सीधरकाकांचा मागून आणला.”

सृष्टी फस्सकन हसली.

“साखरपुड्याला मात्र स्वतःचा घाला,” ती म्हणाली.