फत्तेजंग पिलाचे पाठीची व हलक्या हाताची हकीकत

श्रीगजाननास नमन, थोरांस मुजरा, आणि वाचणारांनी लिहिणारावर राग न धरावा, तो आधीच त्रासला आहे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयीचे वर्तमान ऐसे जे: सरकारस्वारी नदीपलीकडील किल्ल्यावर निघणार, आणि त्या मोहिमेची बखर लिहावी म्हणोन आम्हांस मुद्दाम बोलाविले, आणि आम्ही शाई घोटून, बोरू तासून सिद्ध जाहलो. मग जाहले काय, तर सरकारांचे लाडके कुत्र्याचे पिलू, वय चार महिने, नाव फत्तेजंग, गादीवरून उडी घालता घोटीव फरशीवर घसरले आणि मागील पायांवर उभे राहीना. सरकारांनी अन्न टाकिले आणि आज्ञा केली, "पिलू उभे राहील, तेव्हा स्वारी निघेल." फौज कमर बांधून तिष्ठत राहिली आणि आम्ही कपाळास हात लाविला.

मग सटवाजी हाडवैद्य आणविले. त्यांनी पिलाचे पाठीवरून बोटे फिरविली आणि बोलिले, "हाड मोडले नाही. वाढते अंग आहे, कणा आखडला आहे. फरशीवर घोंगडी घाला, उड्या मारू देऊ नका, आणि रोज सकाळी पाठ चोळा. माझे हात आता राठ जाहले. हलका हात पाहिजे." येवढेच बोलिले, आणि येथून घोळ जाहला. सरकारांनी दरबारात पुसले, "हलका हात कोणाचा?" तो सारे खाली पाहू लागले. हैबतराव सेनापती मिशीस पीळ देऊन बोलिले, "आमचे घराण्यात हलके कोणी नाही." दिवाण बोलिले, "आमचे हातास वजन आहे, रयत जाणते." वैद्य परोपरीने सांगतात की हलका म्हणजे हळुवार, परंतु ऐकतो कोण? उलट हैबतरावांनी आपला हात कैसा आहे हे दाखवावयास पाठ ऐसी दाबिली की पिलू केकाटले आणि सरकारांचे डोळ्यांस पाणी आले. मग सरकारांनी स्वतः हात घातला. वैद्य बोलिले, "सरकार, उचला. आपलाही जडच आहे." दरबारास घाम फुटला. सरकारांनी मुकाट्याने हात काढिला, आणि त्यांची नजर आमचे बोरूवर पडिली.

येणेप्रमाणे आम्ही हलके ठरलो. 'हलकेदस्त', म्हणजे हलक्या हाताचा, ऐसा किताब मिळाला, शेला मिळाला, आणि सरदार तोंडास पागोट्याचा पदर लावून हसले. रोज सकाळी घोंगडीवर बसोन, ओल्या अक्षरांवरील शाई टिपावयाची वाळू झाडावी तैसी दोन बोटे पिलाचे कण्यावरून फिरवीत गेलो. पिलू प्रथम गुरगुरले, मग निजू लागले, आणि एके सकाळी चारी पायांवर उभे राहून त्याने आमची दौत सांडिली. आम्हांस भरून आले, हे खोटे कशास लिहावे? नगारा जाहला, फौज निघाली, आणि आम्हीही दप्तर बांधिले. तो आज्ञा आली, "हलकेदस्तांनी पिलापाशी राहावे. वाढते अंग आहे."

सारांश, किल्ला फत्ते जाहला म्हणतात. कैसा जाहला, ते गेले त्यांस पुसावे. फत्तेजंग आता वासराएवढा जाहला, पाठ ठणठणीत, तरी रोज सकाळी येऊन आमचेकडे पाठ करून निजतो आणि हात थांबला की गुरगुरतो. हे लिहिणे एका हाताने जाहले, अक्षर वाकडे असल्यास क्षमा करावी.