दोन सभांचा एक टेम्पो

प्रचाराचा शेवटचा दिवस होता. रस्त्याच्या अलीकडे सत्ताधारी साहेबांची सभा, पलीकडे विरोधी दादांची, आणि मधोमध टेम्पोत बसून दोन्हीकडचे कर्णे सांभाळणारी माईकवाली. एवढे कर्णे शहरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतेच.

"भाऊजी, वायरी नीट जोडल्यात ना?" तिने दिराला विचारलं.

"डोळे मिटून जोडल्यात, वहिनी!"

ते मात्र अक्षरशः खरं निघालं. साहेबांनी तोंड उघडलं आणि त्यांच्याच मैदानात दादा गरजले, "एकही सरकारी कारखाना विकू देणार नाही!" पलीकडे दादांच्या झेंड्यांवरून साहेब घुमू लागले, "तोट्यातले कारखाने विकू, बाजार खुला करू!" दोघांच्याही पुढ्यातल्या छोट्या स्पीकरमधून ज्याचा आवाज त्याला नीट ऐकू येत होता, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

माईकवालीने टेम्पोतून खाली उडी मारली. मागच्या निवडणुकीत माईकने नुसती शिट्टी मारली, तर कार्यकर्त्यांनी दोन कर्णे फोडले होते. आज टेम्पोच पेटवतील, म्हणून ती दबकत साहेबांच्या मैदानात डोकावली.

टाळ्या! अख्खं मैदान टाळ्या पिटत होतं. "साहेब आज मनातलं बोलले बघा!" एक आजोबा डोळे पुसत म्हणाले. ती धावत पलीकडे गेली. तिथेही बाजार खुला होणार म्हणून लोक नाचत होते. तिच्या अंगावर काटा आला. एवढी माणसं, एवढा विश्वास, आणि तोही वायरीच्या भरवशावर!

इकडे साहेब पाणी प्यायले, त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी घाम पुसला, तर शिट्ट्या! साहेबांनी भारावून आधी रुमालाकडे पाहिलं, मग गर्दीकडे. त्यांचे डोळे भरून आले.

टेम्पोत परत येऊन तिने वायरी बदलल्या. आता साहेबांच्या मैदानात साहेबच बोलू लागले. लोकांनी चुळबुळ केली, कुणी जांभई दिली, मागच्या रांगा उठल्या.

सभा संपताच साहेब थेट टेम्पोपाशी आले. तिने हात जोडले. "चुकलं साहेब, वायरी..."

"चुकलंच! आधी कसा खणखणीत लागला होता माझा आवाज! मध्येच कशाला हात लावलास?"

इतक्यात पलीकडून दादा तावातावाने रस्ता ओलांडताना दिसले.

"ते काय म्हणतायत?" तिने दिराला हळूच विचारलं.

"तेच," दीर म्हणाला.